जवारीची कानस आणि रात्रीचं एडिटिंग

परवा भाचीचा फोन आला होता. कॉलेजची ट्रिप, गावची यात्रा, आजीचे पापड असं बरंच काही तिनं शूट करून ठेवलंय आणि ते सगळं तसंच पडून आहे. "मामी, दिवसभर दुकान करून रात्री दहाला तुला एडिटिंगला बसावंसं वाटतं तरी कसं?" असं तिनं विचारलं. फोनवर घाईत काहीतरी सांगितलं, पण हौसेनं व्हिडिओ करणाऱ्या बऱ्याच जणांचं गाडं इथंच अडतं हे मी आजूबाजूला बघते. म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं सांगलीत विश्रामबागला मेडिकल आहे. दुकान मी आणि हे मिळून बघतो. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, तेव्हा मी स्कूटर काढून मिरजेला जाते आणि तिथल्या सतार-तानपुरे बनवणाऱ्या कारागिरांचं काम शूट करते. मिरजेची ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढं त्यांच्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफनही इथल्या मीरासाहेब दर्ग्यात झालं, आणि उरुसात दर्ग्याच्या आवारात आजही गवई हजेरी लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कॅमेरे घेऊन बरेच लोक आले. दोन-दोन मिनिटांच्या बातम्या झाल्या. त्या चांगल्या होत्या, पण त्यांत कुठंही कानस पुरती ऐकू आली नाही. मला ती ऐकायची होती.

माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. मी लॅपटॉप उघडते तो व्हिडिओ पुरा करण्यासाठी नाही, तर कारखान्यात उभी असताना जे कळलं नाही ते शोधायला. "आज एडिट करायचं आहे" असं मनाशी म्हटलं की अंग जड होतं. "चाचांनी (ज्यांच्या कारखान्यात मी जाते ते कारागीर) तिसऱ्यांदा घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, घासली तेव्हा नेमकं काय बदललं?" असं म्हटलं की हात आपोआप हेडफोनकडे जातो. बसण्याआधी एक प्रश्न हवा. प्रश्न नसेल त्या रात्री मी बसतच नाही, सरळ झोपते.

जवारीचंच, म्हणजे तारेचा झंकार उघडण्याच्या कामाचंच, उदाहरण देते, कारण मला एडिटिंगची गोडी लागली ती तिच्यामुळं. तानपुऱ्याच्या तारा ज्या रुंद, किंचित बाकदार पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा पृष्ठभाग कानशीनं घासत घासत असा करायचा, की तार तिला अलगद घासत थरथरेल. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की तारेचा बोथट आवाज उघडतो आणि त्यातून एकावर एक स्वर बाहेर पडायला लागतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावरच लिहिलं होतं. तार जिथं छेडली तिथं ज्या स्वरांशांचा (मूळ स्वराबरोबर निघणाऱ्या वरच्या स्वरांचा) बिंदू स्थिर राहतो, ते नेहमीच्या नियमाप्रमाणं ऐकूच यायला नकोत. तानपुऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात, आणि ही किमया त्या घोडीची आणि दोऱ्याची.

मी ज्यांच्याकडे जाते ते चाचा हे एका वाक्यात सांगतात. "ताई, दोरा केसभर सरकला की तार बोलायला लागती, बघा."

आता अडचण बघा. कारखान्यात समोर बसल्यावर तार बोलायच्या आधीचा आवाज आणि बोलायला लागल्यानंतरचा आवाज यांच्यामध्ये खूप वेळ जातो. मध्ये कानस चालते, तारा बाजूला होतात, परत चढतात, कुणीतरी चहा आणतं, एखादं गिऱ्हाईक येतं. तोवर पहिला आवाज कानातून निघून गेलेला असतो. रात्री टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगमध्ये क्लिप ओळीनं मांडतात त्या पट्टीवर, मी ते दोन आवाज एकमेकांना लावून ठेवले. आधीची तार, लगेच नंतरची तार. मधलं सगळं काढलं. तेव्हा मला जवारी पहिल्यांदा खरी ऐकू आली. एवढे रविवार समोर बसूनही जे कानाला कळलं नव्हतं ते एका कटनं कळलं. त्या रात्रीपासून एडिटिंग हे शूटिंगनंतर उरलेलं काम आहे असं मला कधी वाटलं नाही.

म्हणून मी आधी आवाज लावते, चित्र नंतर. स्क्रीनकडे पाठ करून नुसतं ऐकते. कुठं कान टवकारतात तिथं मार्कर टाकते. चित्र बघत बसलं की प्रत्येक शॉट सुंदर वाटतो आणि काहीच टाकवत नाही. आवाज तसं फसवत नाही, कंटाळवाणा भाग कानाला लगेच कळतो. चित्र लावतानाही कानशीचा आवाज चित्राच्या जरासा आधी सुरू करते, ज्याला 'जे-कट' (J-cut) म्हणतात. बघणारा आधीच्या शॉटमध्ये असतानाच "हे काय वाजतंय?" म्हणून पुढं सरकतो.

आमच्या सासूबाई माझ्या पहिल्या श्रोत्या. श्रोत्याच म्हणते, कारण त्या स्क्रीन बघत नाहीत. त्या रात्री उद्याची भाजी निवडत बसतात आणि मी बाजूला कच्चं एडिट वाजवते. एकदा मध्येच म्हणाल्या, "कानस मध्येच का गं थांबली? त्यांचं काम झालं नव्हतं अजून." चित्रात तो कट मला अगदी बेमालूम वाटत होता. त्यांनी मेथीच्या जुडीवरून नजरही न उचलता तो पकडला. "आई, तुम्ही बरोबर आहात," म्हटलं आणि कानशीचे आणखी चार हात परत आत घेतले. रात्रीच्या कामाला असं कुणीतरी घरातलं सोबत असेल तर काम ओढावं लागत नाही. भाचीला मी हेच सांगितलं की आजीला बघायला नको लावूस, ऐकव.

काही गोष्टी अगदी कोरड्या तांत्रिक आहेत, पण उत्साह बहुतेक तिथंच गळतो, म्हणून लिहितेच.

लॅपटॉप अडकत अडकत चालत असेल तर कुणाचंही मन लागणार नाही. आपला फोन जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतो आणि बाकीच्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल. त्यामुळं मधल्या कुठल्याही फ्रेमवर जायचं म्हटलं की लॅपटॉपला मागची गणितं करत यावं लागतं. त्यात फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल, साध्या फुल एचडीच्या चौपट. आमच्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपला ते झेपत नाही. मी दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरते. त्यात प्रॉक्सी बनवायला लावून जेवायला बसते. जेवण होईतो हलक्या, छोट्या प्रती तयार होतात, त्यांच्यावर काम करायचं. शेवटी एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइल घेतंच. नवा लॅपटॉप घेतल्याशिवाय काही खरं नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

दुसरं ट्यूबलाइटचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. चित्रावर पट्टे सरकतात आणि ते नंतर काढत बसणं हे जीव नकोसं करणारं काम. मी सेकंदाला २५ फ्रेम ठेवते आणि शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंद. पट्टे येतच नाहीत. मॅन्युअल सेटिंग देणारं कुठलंही कॅमेरा ॲप चालतं.

तिसरं आवाजाचं आणि ते माझ्या विषयात जीवनमरणाचं. नॉइज रिडक्शन सरसकट लावू नका. सॉफ्टवेअरच्या लेखी एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट. पंख्याची घरघर तशी, आणि तानपुऱ्याचा झंकारही तसाच. फिल्टर लावला की पंखा जातो आणि त्याच्याबरोबर जवारीही. त्यापेक्षा चाचांना विनंती करून पंखा पाच मिनिटं बंद करणं बरं. ते आनंदानं करतात, त्यांनाही स्वर लावताना पंखा नकोच असतो. आवाज मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेते, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये. फोनचा फ्रेमचा वेग किंचित कमी-जास्त होत राहतो. म्हणून लांब शॉटमध्ये वेगळा घेतलेला आवाज हळूहळू चित्रापासून सुटतो. फाइल आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेमरेटवर काढून घेतली की तो प्रश्न मिटतो.

शूट करून आले की त्याच संध्याकाळी क्लिपना नावं देते. "घोडी_तिसरी_घास_आवाज_चांगला" असली लांबलचक नावं. आठवडाभरानं निरर्थक आकड्यांची ती रांग बघितली की कुणाचंही अवसान जाईल, आणि भाचीचं नेमकं तेच झालंय. तिच्या फोनमध्ये यात्रेची पालखी आणि आजीचं लाटणं शेजारीशेजारी पडलंय आणि दोन्हींची नावं नुसती तारखांची. त्याच दिवशी मात्र कुठली क्लिप कशासाठी घेतली ते डोक्यात ताजं असतं. नाव देताना जी चांगली नाही ती तिथंच उडवते.

साडेअकराला थांबते. काम रंगात आलं असलं तरी थांबते, उलट रंगात असतानाच थांबते. पुढचा कट कुठं घालायचा हे कळलेलं असतं, तिथं मार्कर टाकून त्यात एक ओळ लिहिते, "इथून दोरा." दुसऱ्या रात्री ती ओळ वाचली की काय करू, कुठून सुरू करू हा विचारच उरत नाही. सगळं संपवून उठलं तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या टाइमलाइनसमोर बसावं लागतं, आणि दिवसभर काउंटरवर उभं राहिल्यावर तेवढी ताकद माझ्यात नसते. माझ्यापुरता हाच उपाय सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय.

रोज एक रील टाका, सातत्य ठेवा, नाहीतर लोक विसरतात, असं सगळीकडे सांगतात. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी ते जरूर करावं. हौसेनं करणाऱ्यांना हा सल्ला देऊ नये असं मला मनापासून वाटतं. एक चांगली जवारी काढायला तासन्‌तास लागतात, तिचा व्हिडिओ मी दुपारी काढून रात्री टाकला तर त्यात बघण्यासारखं काय राहील? पाहणाऱ्यांचे आकडे मी महिनाअखेरीला दुकानाचा स्टॉक बघते तेव्हाच बघते. मला आठवतात ती माणसं. गाणं शिकणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं, की माझा तानपुरा इतके दिवस का बोलत नव्हता ते तुमचा व्हिडिओ बघून कळलं, दोरा भलत्याच जागी होता. हे वाचून मी ते दोन आवाजांचं एडिट पुन्हा एकदा ऐकलं.

चाचांना पहिला पूर्ण व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "दुसरी तार जरा उतरली होती, ताई. त्या दिवशी ऊन लई होतं." आणि मग नातवाला हाक मारून त्याच्या हातात फोन दिला, "ऐक, कानस कुठं हलकी झाली ते सांग." नातू बारावीला आहे. त्यानं दोनदा मागं नेऊन ऐकलं आणि अचूक जागा सांगितली. त्यानंतर चाचा मला स्वतःहून सांगायला लागले, की या रविवारी खुंट्या बसवणार आहे, त्या रविवारी पॉलिश आहे, या. दोरा किती सरकवायचा हे कुठल्या पुस्तकात शोधून सापडत नाही. ते त्यांच्या बोटांत आहे आणि आता थोडं माझ्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क मी दोन प्रतींत ठेवते, एक घरी आणि एक माहेरी. सांगलीकरांना २००५ आणि २०१९ चे पूर माहीत आहेत, त्यामुळं दोन्ही प्रती एकाच घरात ठेवायचं धाडस मी करणार नाही.

सध्या टाइमलाइनवर भोपळा आहे. तानपुऱ्याचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. ते वाळवून आलेले असतात, मग कापायचे, पाण्यात भिजवून मऊ करायचे, आतून साफ करायचे. वाळका भोपळा बोटानं टिचकी मारून निवडतात, आणि पास झालेल्या आणि नाकारलेल्या भोपळ्यांच्या टिचक्या मी शेजारीशेजारी लावून ठेवल्यात. फरक मला अजून ऐकू येत नाही. चाचांना येतो, त्यांच्या नातवाला येतो. सासूबाईंना निम्म्या वेळा येतो. आज रात्री परत हेडफोन लावून तेवढंच ऐकणार आहे.