वीतभर वाकळ

आमच्या गडहिंग्लज भागात गोधडीला वाकळ म्हणतात. वर एक जुनेर, खाली एक जुनेर, मध्ये फाटक्या धोतरांचे आणि परकरांचे थर, आणि या सगळ्यांना एकत्र धरणारा धावदोरा एवढ्यावर ती तयार होते. मी शिवते ती वाकळ मात्र पांघरता येत नाही आणि अंथरायलाही उपयोगाची नाही, कारण ती 8 इंच लांब आणि 8 इंच रुंद असते, म्हणजे माझ्या हाताची एक वीत. 2022 च्या गुढीपाडव्याला मी ठरवले की दर पंधरवड्याला अशी एक वीतभर वाकळ पूर्ण करायची, तिच्या पाठीवर दोऱ्याने क्रमांक आणि तारीख घालायची आणि मगच पुढचे कापड कापायला घ्यायचे. आजारपणात आणि घरातल्या कार्यांत काही पंधरवडे हुकले. आज 74 वी हातात आहे.

मोठ्या वाकळा मी आधी दोन शिवायला घेतल्या होत्या आणि दोन्ही अर्धवट राहिल्या. त्यामागचे कारण मला पुढे साध्या हिशेबाने कळले. साडेसात फूट बाय पाच फुटांची वाकळ म्हणजे 5,400 चौरस इंच, आणि माझी वीतभर वाकळ 64 चौरस इंच. एका मोठ्या वाकळीत अशा 84 मावतात. पाव इंचाच्या अंतराने रांगा घातल्या, तर वीतभर कापडावर 32 रांगा, म्हणजे 256 इंच शिवण होते, आणि इंचाला सात टाके धरले तर साधारण 1,800 टाके पडतात. नोकरी आणि घर सांभाळून रोज रात्री अर्धा-पाऊण तास बसणाऱ्या बाईला एवढे टाके पंधरा दिवसांत झेपतात. आकार ठरलेला असल्यामुळे दर वेळी किती मोठे करायचे, कुठे थांबायचे हा विचारच उरत नाही, आणि सगळे लक्ष कापड आणि दोरा यांच्यावर राहते. शिवाय 84 वाकळा होतील तेव्हा एका माणसाच्या पांघरुणाएवढे काम माझ्या हातून झालेले असेल, हेही मनात असतेच.

कापड जुनेच हवे, याबाबतीत मी हट्टी आहे. नव्या सुती कापडात खळ असते आणि विणही घट्ट असते. सुई जाते, पण प्रत्येक टाक्याला बोटाने जोर द्यावा लागतो, आणि अंगुस्तान घालूनही चार दिवसांत मधल्या बोटाला घट्टा पडतो. पंधरा-वीस वर्षे धुतलेल्या सुती लुगड्यात सुई अलगद उतरते आणि टाका ओढला की कापड त्याच्यासोबत खाली बसते. टेरिकॉटचे तसे होत नाही, ते घसरते आणि टाक्याला दाद देत नाही. दुकानांत गोधडीकामासाठी एकमेकांना शोभणाऱ्या रंगांच्या तुकड्यांचे तयार गठ्ठे मिळतात आणि ते दिसायला सुरेख असतात, पण मी ते वापरत नाही. ज्या कापडाला कोणाचे अंग लागलेले नाही, त्याची वाकळ करावी असे मला आतून वाटत नाही. मधल्या थराला मी धुऊन विरविरीत झालेल्या धोतराच्या दोन घड्या घेते. कापूस किंवा जाड भरण एवढ्या लहान आकारात फार फुगते आणि कडा वाकड्या होतात.

इरकली काठ आणि गुळेदगुड्डचे खण आमच्याकडे घरोघरी असतात, त्यामुळे माझ्या पिशवीत तेच तुकडे जास्त. खण सांभाळायला अवघड आहे. कापला की लगेच त्याच्या दशा सुटतात, म्हणून चारही बाजूंनी पाव इंच आत मुडपून, इस्त्री करून, मगच तो तळाच्या कापडावर टाचावा लागतो. कोपऱ्याशी दोन मुडपी एकावर एक येतात आणि तिथे थरांचा गठ्ठा होतो. तो नीट बसवण्यासाठी आधी टोक आत घ्यायचे, मग एक बाजू आणि शेवटी दुसरी. हा एक कोपरा मनासारखा बसायला मला पहिल्या वर्षीच्या बहुतेक सगळ्या वाकळा लागल्या.

शिवायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण सगळी वाकळ त्यावर ठरते. अमेरिकेत क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, शिवणाऱ्या बायका बहुधा मध्यापासून सुरुवात करून बाहेर जातात, म्हणजे थरांमधला झोळ कडांकडे सरकत जाऊन निघून जातो. माझी आजी नेमकी उलट करायची. अंगणात जुनेर पसरून, चार कडांना चार बायका बसवून, ती काठापासून फेरे घालत आत यायची. ‘काठाकडनं आत यायचं, मंग कापड पळत न्हाई,’ असे ती म्हणायची. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड तालुक्यांतल्या सिद्दी बायकाही त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच शिवतात. कोपऱ्यातून सुरुवात करून कडेने फिरत फिरत मध्यावर येतात. या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांतले कित्येक पोर्तुगीजांच्या गोव्यातून आलेले. कवंदी पूर्ण झाली की तिच्या कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी, असे त्या मानतात.

काठाकडून आत येण्याच्या पद्धतीत झोळ बाहेर जायला वाटच नसते. तो फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे ढकलला जातो आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत मधोमध एक लहानसा फुगवटा राहतो. मोठ्या वाकळीत तो कोणाच्या लक्षात येत नाही. वीतभर वाकळीत मात्र तो आधी डोळ्यांत भरतो. पहिल्या दहा-बारा वाकळांत मी तो दोष समजून दाबून, ओढून सपाट करत होते. पुढे मी त्याच्यासाठीच जागा ठेवू लागले. मध्यावर गडद तुकडा बसवायचा, फेरे आवळत आणायचे आणि शेवटी तो तुकडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा वर येऊ द्यायचा.

भिंतीवर लावण्यासाठी गोधडी करणे हे मोठ्या कलादालनांत तसे अलीकडचे आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1971 साली जुन्या अमेरिकन क्विल्ट भिंतींवर टांगून, चित्रांप्रमाणे पाहायला मांडल्या, आणि तिथून पुष्कळांची नजर बदलली. 1979 मध्ये ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी, एके काळी गाईंचा गोठा असलेल्या इमारतीत, ‘क्विल्ट नॅशनल’ हे केवळ कलेसाठी केलेल्या क्विल्टांचे प्रदर्शन सुरू झाले. पण मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या अलाबामातल्या जीज बेंड या गावच्या बायका. नदीच्या वळणात वसलेल्या त्या गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी शेतात घालून विरलेल्या विजारी आणि सदरे फाडून पिढ्यान्‌पिढ्या पांघरुणे शिवली. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि मग व्हिटनीत त्यांचे प्रदर्शन झाले, तर 2006 मध्ये त्यांच्या गोधड्यांवर अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटे काढली. त्यांची छायाचित्रे पाहताना मला त्या विजारींच्या गुडघ्याशी विटलेला निळा रंग आणि खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन हेच पुन्हापुन्हा पाहावेसे वाटते. आमच्या आजीच्या वाकळीतही पदराचा न विटलेला भाग आणि ओच्याचा विटलेला भाग असेच शेजारीशेजारी असत. तिला कोणी कलावंत म्हटले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्या पहिल्या वीसेक वाकळांत चित्रे आहेत. घर, पणती, तुळस, पावसात उभी म्हैस. ती वाईट नाहीत, पण आज पाहताना जाणवते की मी कापडाचे तुकडे रंगासारखे वापरत होते आणि टाके नुसते चिकटवण्यापुरते. बदल झाला तो एका संध्याकाळी. अपूर्ण वाकळ खिडकीत पडली होती आणि उन्हाची तिरीप बाजूने येत होती. टाका कापडाला खाली ओढतो, दोन रांगांमधले कापड किंचित वर राहते, आणि उजेड असा कडेने आला की प्रत्येक रांगेच्या एका अंगाला बारीक सावली पडते. रंग सगळा एकच, तरी नांगरलेल्या शेतासारखे ते कापड सरीसरीने दिसत होते. तेव्हापासून मी निम्म्याहून जास्त वाकळा एकाच रंगाच्या कापडावर, त्याच रंगाच्या दोऱ्याने करते. रांगा जवळ घेतल्या की कापड ताठ आणि गडद दिसते, लांब ठेवल्या की मऊ आणि उजळ. दर पंधरवड्याला पुन्हा तेच 64 चौरस इंच समोर आले नसते, तर मला हे दिसलेच नसते असे वाटते.

क्रमांक 34 वडिलांच्या धोतराची आहे. ते धोतर एका ठिकाणी फाटले होते आणि आईने त्याला रफू केला होता. मला ते कापायचे होते, पण रफूचा भाग टाकून उरलेले घ्यावे की काय, या विचारात ते वर्षभर पिशवीतच राहिले. शेवटी मी रफू नेमका मध्यावर येईल असा चौकोन कापला. भिंग घेऊन पाहिले तेव्हा कळले की आईने दोरा विकत घेतलाच नव्हता. धोतराच्याच कडेच्या दशेतून धागे ओढून काढून, उभ्या-आडव्या विणीत एक आड एक सोडत ती जागा जवळजवळ पुन्हा विणली होती. अर्ध्या इंचात तिच्या धाग्यांच्या चौदा रांगा होत्या. माझ्या सगळ्यांत बारीक कामात तेवढ्या जागेत चारच्या वर रांगा येत नाहीत. मी काठाकडून फेरे घालत आत आले आणि रफूपासून एक बोट अंतरावर थांबले. आत एकही टाका घातला नाही. वडील गेले, आईच्या डोळ्यांना आता सुईचे नाक दिसत नाही. तिने ती वाकळ हातात घेतली, बोटाने माझे फेरे चाचपत आत गेली आणि रफूवर आल्यावर म्हणाली, ‘हे माझं.’

बिघडलेल्याही आहेत. क्रमांक 41 मध्ये मी पांढऱ्या मलमलीवर मरून रंगाचा खण लावला आणि शेवटी खडूच्या खुणा घालवण्यासाठी ती पाण्यात बुडवली. दोन मिनिटांत सगळी मलमल फिकट गुलाबी झाली आणि ती तशीच राहिली. आता लाल, मरून आणि काळा तुकडा वापरण्याआधी मी तो ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवते आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत धुते. काही खण चार पाण्यांनंतरही रंग सोडतात. ते मी बाजूला काढते, कितीही आवडले तरी.

पूर्ण झालेल्या वाकळीला अर्ध्या इंचाचा गोट लावते आणि मागे वरच्या कडेला परकराला असतो तसा नेफा शिवते. नेफ्यात बांबूची कामटी घातली की वाकळ भिंतीवर सरळ राहते आणि कापडाला खिळा लागत नाही. एका वेळी नऊच वाकळा लावते, उन्हाच्या भिंतीवर कधीच नाही, कारण जुने रंग लगेच उडतात. उरलेल्या सपाट, घडी न घालता, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून पेटीत असतात. पावसाळ्यात कुबट वास धरू नये म्हणून श्रावणात एखादा कोरडा दिवस मिळाला की सगळ्या सावलीत पसरते, आणि त्या दिवशी शिवणकाम होत नाही, नुसते पाहणे होते.

सध्याची 74 वी हिरव्या इरकलीच्या पदराची आहे. काठाकडून पाच फेरे झाले आहेत, मध्यावर काय बसवायचे ते ठरलेले नाही. पिशवीत खणाचा एक तुकडा आहे, काळा, लाल काठाचा, दोन बोटे रुंद. तो काल रात्री पाण्यात भिजत घातला आहे. फडके अजून गुलाबी निघते आहे.