देव न मानणाऱ्याची भैरवी

काल वेंगुर्ल्याजवळ गावी सप्ताहाला होतो. मी देव मानत नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. तरी पहाटे चारला डोळे चोळत देवळात जाऊन बसलो. पखवाजवाल्याने डाव्या तोंडाला कणीक थापली, दोनदा बोटाने दाबून बघितली, थोडी खरवडून काढली. ते बघण्यातच अर्धी झोप उडाली. (उरलेली चहाने.)

मग बुवांनी भैरवी धरली. रे, ग, ध, नी चारही कोमल. आवाज पार फाटलेला, पण 'विठ्ठला' म्हणताना कोमल रिषभावर, म्हणजे त्या 'रे'वर, असे काही रेंगाळले की मागचे झांजवालेसुद्धा हात आखडून बसले. षड्जावर, म्हणजे 'सा'वर आले तेव्हा माझा श्वास सुटला.

काकांनी ढोसलं, "देवाक मानणस नाय ना तू? मगे डोळे कित्याक मिटलस?"

उत्तर सुचलं नाही. घरी येताना इटालियन संगीतकार वेर्दी आठवला. देवाधर्माशी त्याचंही फारसं जमत नसे, पण मृतांसाठीच्या प्रार्थनेला त्याने दिलेलं संगीत 1874 मध्ये मिलानच्या चर्चमध्ये पहिल्यांदा वाजलं आणि आजही अंगावर येतं. पण खरं सांगू? बुवांना समोर कुणीतरी दिसत होतं, मला फक्त बुवा दिसत होते. माझ्या वाट्याला काही कमी आलं का, हे मला कळायचं तरी कसं?

काकांना सांगितलं, धूर गेला डोळ्यात. समई तर केव्हाच विझली होती.