आधी रंग, मग थेंब

कुत्रा एक डोळा मिटून बसलाय, पाणी गळतंय, पांढरा भाग लालबुंद झालाय. घरात डोळ्यांच्या थेंबांची अर्धी बाटली पडलेली असतेच आणि हात तिच्याकडे जातो. तिच्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ती जागची हलवू नका. ही स्टेरॉइड्स आहेत. कॉर्नियावर जखम असताना ती घातली की लाली उतरते, आपल्याला हायसं वाटतं, आणि तिकडे जखम भरायची थांबते, जंतूंना मोकळं रान मिळतं.

कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. कुत्र्यात तिची जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वर पेशींचा पातळ थर, त्याखाली तंतूंचा जाड थर म्हणजे स्ट्रोमा, त्यामागे डेसेमेट पडदा आणि सगळ्यांत आत पेशींचा एकेरी थर. दुखण्याच्या नसा वरच्या भागात दाट असतात. म्हणून नुसता ओरखडा असला तरी जनावर डोळा उघडत नाही आणि अल्सर, म्हणजे कॉर्नियावरची जखम, खोल गेला असताना कधीकधी उघड्या डोळ्याने फिरतं. ‘आज डोळा उघडतोय’ यावरून जखम भरली असं धरून चालू नका.

तपासणीचा क्रम बदलला तर उत्तरं बदलतात. पहिली शर्मर चाचणी, कोणताही थेंब घालण्याआधी. कागदाची पट्टी खालच्या पापणीच्या आत अडकवायची आणि 60 सेकंद थांबायचं. कुत्र्यात 15 मिमी किंवा जास्त ओली झाली तर अश्रू पुरेसे. 10 मिमीच्या खाली आकडा आला तर डोळा कोरडा असल्याची दाट शंका. दुखऱ्या डोळ्यातून खरं तर जास्तच पाणी यायला हवं. तिथेच 7-8 मिमी आले तर बहुधा कोरडेपणातूनच अल्सर झालाय आणि नुसत्या अँटिबायोटिकने तो हटणार नाही.

मग फ्लुरेसिन, म्हणजे जखम दाखवणारा रंग. पट्टीवर सलाईनचा थेंब टाकून ती पापणीच्या आतल्या बाजूला टेकवायची, कॉर्नियाला नाही. तिथे टेकली तर टेकल्याचाच डाग उमटतो. डोळा मिचकावू द्यायचा, सलाईनने भरपूर धुवायचा आणि निळ्या उजेडात पाहायचं. वरचा थर गेला असेल तिथे स्ट्रोमा हिरवा चमकतो. चकवा असतो तो याच्या पुढे: डेसेमेट पडदा रंग धरत नाही. कडेला हिरवं कडं आणि मधे काळसर स्वच्छ खड्डा दिसला, तर मध्यभाग भरून आलाय असं वाटतं. प्रत्यक्षात डोळा फुटण्याच्या काठावर असतो. अशा जनावराची मान दाबायची नाही, पट्टा काढून हार्नेस घालायचा आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया करू शकणाऱ्याकडे न्यायचं.

सुन्न करणारा थेंब घालून तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या पडद्याच्या, मागे पाहणं हमखास राहून जातं. गवताचं कुसळ तिथेच लपतं. वरची पापणी उलटून आतून उगवलेला केसही शोधावा. हा सुन्न करणारा थेंब मात्र घरी द्यायचा नाही. वारंवार घातला तर तोच वरच्या थराला मारतो.

उथळ, साधा अल्सर साधारण आठवड्याच्या आत भरतो. अँटिबायोटिक थेंब दिवसातून 3-4 वेळा, गरज वाटली तर आतले स्नायू सैल होऊन दुखणं कमी व्हावं म्हणून अॅट्रोपिन, आणि डोळा खाजवता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर. अॅट्रोपिनने अश्रू कमी होतात आणि काचबिंदू असेल तर ते चालत नाही. थेंब नाकावाटे तोंडात उतरला की त्याच्या कडूपणाने मांजराच्या तोंडाला फेस येतो, ती विषबाधा नसते. अँटिबायोटिक जखम भरत नाही, फक्त राखण करतं. म्हणून आठवडा उलटूनही रंग धरत असेल तर बाटली बदलत बसू नये, कारण शोधावं.

उतारवयाकडे झुकलेला कुत्रा, विशेषतः बॉक्सर, आणि जखमेच्या कडेची सैल सालपटं, ज्यांच्याखाली रंग झिरपतो: इथे नवा थर येतो पण खाली चिकटत नाही. कोरड्या कापसाच्या काडीने सैल भाग काढून हिऱ्याच्या बरने, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेल्या बारीक फिरत्या अवजाराने, पृष्ठभाग हलका घासतात किंवा सुईने जाळीसारखे ओरखडे काढतात. हे जंतू झालेल्या किंवा खोल अल्सरवर कधीही करू नये. मांजरात ही जाळी वर्ज्यच, कारण कॉर्नियाचा तुकडा मरून काळा पडू शकतो. शिवाय मांजराच्या अल्सरमागे बरेचदा हर्पिस विषाणू असतो.

कॉर्निया करडी, मऊ, शेंबडासारखी ओघळताना दिसली तर ते ‘वितळणं’. जंतू आणि शरीराच्याच पांढऱ्या पेशी यांची एन्झाइम्स कोलॅजेन, म्हणजे स्ट्रोमाचे तंतू, खातात. स्युडोमोनास नावाचे जंतू असले तर स्ट्रोमा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. इथे दर 1-2 तासांनी थेंब लागतात, रात्रीसुद्धा. सोबत जनावराच्याच रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, कारण ते ही एन्झाइम्स रोखतं. सीरममध्ये जंतू सहज वाढतात, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवायचं, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही आणि आठवड्याने फेकायचं. दोन औषधांत 5 मिनिटं सोडा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन नेतं. डोळा फुटायच्या बेतात असेल तर मलम नको, थेंबच.

अर्ध्याहून जास्त स्ट्रोमा गेला की औषधांवर विसंबू नये. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाची पट्टी सोडवून, तिचं एक टोक जागेवर ठेवून, ती खड्ड्यावर शिवतात. त्यातल्या रक्तवाहिन्या थेट जखमेला रसद पुरवतात. पट्टी खड्ड्यापेक्षा 1-2 मिमी रुंद आणि खालची कात्री दिसेल इतकी पातळ हवी. जाड राहिली की ओढ बसते आणि टाके सुटतात. सडक्या कॉर्नियात टाका घेतला तरी तेच. धागा 8-0 किंवा 9-0, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचं काम. खोल किंवा वितळणाऱ्या अल्सरवर तिसरी पापणी शिवून टाकणं मला पटत नाही: आत काय चाललंय ते दिसत नाही आणि औषधही नीट पोचत नाही.

पट्टीचा पूल साधारण 6-8 आठवड्यांनी कापतात. जागी फूल, म्हणजे पांढुरका डाग, राहतं, पण त्याच्या कडेने जनावराला दिसतं. हे फूल फिकं करायला पुढे कधीकधी तेच स्टेरॉइड, मोजून, वापरतात. तेव्हाही आधी फ्लुरेसिन घालून, आणि डोळ्याने रंग अजिबात धरला नाही तरच.