किकुची आजार: पुन्हा उठलेल्या गाठी आणि उपचार

मानेला उठलेल्या गाठी, संध्याकाळी चढणारा ताप आणि रात्रीचा घाम एवढे सांगितले की आमच्या परभणी जिल्ह्यात पहिली शंका क्षयाची येते, आणि ती येणे योग्यच आहे. माझी हरकत आहे ती केवळ शंकेवर औषधे सुरू करण्याला. सुईच्या तपासणीत निश्चित काहीच निघाले नसताना मला क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. त्या घेण्याआधी दादा मला छत्रपती संभाजीनगरला घेऊन गेला आणि तिथल्या सर्जननी अख्खी गाठ काढून तपासण्याचा आग्रह धरला.

मानेवर व्रण राहील म्हणून आई धास्तावली होती. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती असल्याने डॉक्टरांचे बोलणे मला ऐकू येत होते: गाठीचा एक तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात) आणि दुसरा सलाईनमध्ये ठेवा, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग क्षयाचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता येत नाही. ही दुसरी बाटली फार महत्त्वाची, असे मला आजही वाटते.

कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, कर्करोगही नव्हता. अहवालात किकुची-फुजिमोटो आजार, म्हणजे लसिका गाठी सुजवणारा एक दुर्मीळ आजार, असे निदान आले. जपानमध्ये 1972 साली दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवलेला हा आजार बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप ओसरतो. मलाही नेप्रोक्सेन या वेदना आणि ताप कमी करणाऱ्या गोळीवर आराम पडला.

थोड्या रुग्णांमध्ये तो उलटतो, आणि माझ्या वाट्याला तेच आले. या खेपेस ताप हटेना, पांढऱ्या पेशीही घटल्या. क्षय नाही हे आधीच पक्के झालेले असल्याने डॉक्टरांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड निर्धास्तपणे देता आले. लपलेला क्षय असता तर स्टेरॉईडने तो भडकला असता. तो डोस हळूहळूच उतरवायचा असतो, बरे वाटले म्हणून एकदम बंद करायचा नसतो. पुढे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे औषध सुरू झाले आणि त्याचा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकत असल्याने तो तपासून घेतला.

या आजाराचे ल्युपसशी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराशी) नाते असल्याने एएनए ही त्यासाठीची रक्ततपासणी मी अधूनमधून करून घेते. सांधे धरले किंवा उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच यायचे, असे डॉक्टरांनी बजावले आहे.