बिनघोड्याचा घोडा : दुसऱ्या हत्याराची नोंदवही

मुंबईच्या बोलीत पिस्तुलालाच घोडा म्हणतात आणि रिव्हॉल्व्हरच्या मागे जो आपटतो तोही घोडाच. त्यामुळे कमरेच्या पिस्तुलाच्या जोडीला सात महिने घोळ घालून शेवटी मी जे दुसरं हत्यार घेतलं, त्याचं नाव घरात आपोआप पडलं. घोडा त्यात आहेच, फक्त फ्रेमच्या पोटात झाकलेला. खिशातून काढताना कापडात अडकेल असं बाहेर टोकच नाही. स्मिथ अँड वेसन ६४२ रिव्हॉल्व्हर. पाच गोळ्या, .३८ स्पेशल जातीच्या, पावणेदोन इंचांहून जराशी लांब नळी, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. तिथवर कसा आलो ते वहीतून उतरवून काढतोय. वाटेतल्या चुका तुमच्या जास्त कामाच्या आहेत.

नोव्हेंबर

मी ह्यूस्टनच्या बाहेर राहतो. व्हिसावर होतो तोवर या नादापासून लांबच राहिलो, कारण नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला इथला केंद्राचा कायदा, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगूच देत नाही. ग्रीन कार्ड आलं आणि मग सुरुवात. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ ठेवता येते. तरी मी परवाना चालू ठेवलाय. दुसऱ्या राज्यात गाडी घेऊन गेलं की तोच उपयोगी पडतो.

उजव्या कमरेला ग्लॉक १९ पिस्तूल असतं. त्याच्यावर मी खूश होतो, म्हणजे त्या शनिवारच्या क्लासपर्यंत. प्रशिक्षक निवृत्त डेप्युटी शेरीफ. त्याने खुर्चीला सीटबेल्ट बांधला, हातात निळं प्लास्टिकचं पिस्तूल दिलं आणि म्हणाला, काढ. इथे चालक डावीकडे बसतो, म्हणजे बेल्टचं बक्कल नेमकं उजव्या कमरेवर. उभ्याने दोन सेकंदांत होणारं काम पाच सेकंदांवर गेलं आणि शर्टही बक्कलात अडकला. दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्याने माझं उजवं मनगट धरून ठेवलं आणि हसत विचारलं, "आता?"

त्यानेच ११ एप्रिल १९८६ची मायामीची चकमक सांगितली. एफबीआयचे आठ एजंट, समोर दोन दरोडेखोर. गाड्यांची टक्कर झाली आणि जॉन हॅन्लन या एजंटचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर त्या धडकेत कुठे गेलं ते त्यालाच कळलं नाही. तो पुढे लढला ते जवळ ठेवलेल्या पाच गोळ्यांच्या छोट्या मॉडेल ३६ रिव्हॉल्व्हरवर. त्या दिवशी दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. दुसरं हत्यार म्हणजे हौसेची भर, असं मला तोवर वाटायचं.

घरी येऊन वहीत लिहिलं : डाव्या हाताने, बसल्या जागी, डाव्या खिशातून. बाकी सगळे गुण नंतर.

जानेवारी

ही अट लिहून ठेवली हे बरं झालं, नाहीतर दुकानात गेल्यावर माणूस वाहवत जातो. हल्ली छोटी पिस्तुलं फार देखणी झालीत. २०१८ मध्ये सिग पी३६५ आलं आणि एवढ्याशा मुठीत ९ एमएमच्या दहा गोळ्या बसायला लागल्या, तेव्हापासून सगळेच त्या शर्यतीत आहेत. रुगर एलसीपी मॅक्स तर रिकामं असताना तीनशे ग्रॅम.

पहिली ओढ अर्थात सगळ्यात हलक्याकडे गेली. एका मित्राने त्याचं .३८० चं खिशातलं पिस्तूल महिनाभर रेंजवर वापरायला दिलं. (नाव लिहीत नाही, दोष त्याचा नव्हताच.) दोन हातांनी सात यार्डांवर पाच गोळ्या पुरीएवढ्या जागेत. मी फुशारलो. मग डावा हात एकटा. पाच गोळ्या भाकरीएवढ्या, आणि तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाचा वरचा, प्रत्येक बाराला मागे सरकणारा भाग) उभी अडकली. पुन्हा भरलं, पुन्हा अडकली. शंभर गोळ्यांत डाव्या हाताने सहा वेळा, उजव्याने एकदाही नाही. स्लाइडला पूर्ण मागे जायला मागून भक्कम मनगट लागतं. मनगट सैल असलं तर पिस्तूलच मागे सरकतं आणि स्लाइडची धाव तोकडी पडते. माझं डावं मनगट सैल आहे. दहावीत सायकलवरून पडलो तेव्हापासून.

ग्लॉक २६ चा मोह मात्र खरा होता. १९ चंच मॅगझिन त्याला लागतं, त्यामुळे एकच सुटे मॅगझिन दोघांना पुरतं, आणि हा मुद्दा साधासुधा नाही. भाड्याने घेऊन दीडशे गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. पण पँटच्या खिशात ते विटेसारखं दिसतं. बायकोने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "खिशात नारळ ठेवलायस का?"

मार्च

रिव्हॉल्व्हरकडे मी नाइलाजाने वळलो. आजोबांच्या पिढीची वस्तू वाटायची. साताऱ्याला मामांकडे परवान्याचं .३२ होतं, दसऱ्याला पाटावर पूजेला मांडलेलं, झेंडूची पाकळी गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरवर. त्यापलीकडे ओळख नव्हती.

पण माझ्या अटीत ते चपखल बसतं. मनगट सैल असलं तरी त्याला फरक पडत नाही, कारण पुढची गोळी समोर आणणारं काम माझं बोट करतं. एखादी गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची येते. अंगाला अंग भिडलेलं असताना पिस्तुलाची नळी समोरच्यावर दाबली तर स्लाइड मागे ढकलली जाऊन बार उडेनासा होतो. इथे तो प्रश्नच नाही. जॅकेटच्या खिशात मूठ धरून उभं राहिलं तरी कुणाला कळत नाही.

वाईट बाजूही लिहितो. पाचच गोळ्या. चाप जड, जवळजवळ पाच-साडेपाच किलोचा. नेम धरायला नळीवर चिमूटभर जागा. पुन्हा भरणं हळू. आणि हलकं असल्यामुळे धक्का असा बसतो की अंगठ्याच्या बेचक्यात मिरची चोळल्यासारखं होतं. पन्नास गोळ्यांनंतर चहाचा कप डाव्या हाताने धरवेना.

रुगर एलसीआर आणि ६४२ ही दोन्ही रिव्हॉल्व्हर एकाच दिवशी झाडली. एलसीआरचा चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा मऊ, नव्या माणसाला मी तेच सुचवीन. ६४२ ची मूठ माझ्या पंजात जास्त नीट बसली, एवढंच कारण. स्टीलचं ६४० ही मागवून पाहिलं. सव्वासहाशे ग्रॅमला धक्का निम्मा झाल्यासारखा वाटतो, पण खिसा लोंबतो आणि दोन तासांनी माणूस ते काढून कपाटात ठेवतो.

मे

घेतलं. सरावाला आता १४८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर गोळ्या. सपाट तोंडाची, मंद, कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडणारी गोळी. हाताला सुसह्य. आधी मी शहाण्यासारखा जोरदार +पी गोळ्यांनी सुरुवात केली होती आणि चौथ्या बारापासून चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागलो. ती सवय मोडायला तीन आठवडे गेले. हलकं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने हे एवढं तरी माझ्याकडून घ्यावं.

घरचा सराव रोज पंधरा मिनिटं. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार बंद, सिलिंडर तीनदा उघडून बघायचा, भोकांत करंगळी घालून. मग आत डमी काडतुसं आणि नळीच्या टोकावर रुपयाचं नाणं. चाप सावकाश ओढायचा, नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी वीसपैकी एकोणीस वेळा खणखणाट. जूनअखेर वीसपैकी तीन.

जुलै

परवान्याची जी नेमबाजीची परीक्षा असते ती ६४२ ने देऊन पाहिली, स्वतःसाठीच. पन्नास गोळ्या : तीन यार्डांवर वीस, सातवर वीस, पंधरावर दहा. २५० पैकी १७५ ला पास. मला २११ पडले. पंधरा यार्डांनीच घात केला. डाव्या हाताने तीन यार्डांवर मात्र पाचही गोळ्या पुरीच्या आत, आणि मला हवं होतं ते हेच.

आता एक फजिती. खिशात चामड्याचं होल्स्टर, म्हणजे म्यान, चाप पूर्ण झाकणारं, आणि त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, हा पहिला नियम. मीच सगळ्यांना सांगत फिरतो. एका रविवारी साफ करायला सिलिंडर उघडायला गेलो तर अडखळला. टॉर्च लावून बघतो तर सिलिंडर आणि फ्रेमच्या फटीत बडीशेपेचा दाणा. आदल्या रात्री हॉटेलातून निघताना मूठभर घेऊन सवयीने डाव्या खिशात टाकली होती. पाच-साडेपाच किलोचा चाप ओढणारा मी, आणि मला थांबवलं असतं एका बडीशेपेने. आता रोज रात्री फुंकर, रविवारी ब्रश.

मंडळाच्या गणपतीला दोन्ही हत्यारं घरी, तिजोरीत. कार्यक्रम हायस्कूलच्या सभागृहात असतो आणि तिथे नेणं कायद्याने बंद आहे. पार्किंगमध्ये गाडीत ठेवून येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण गाडीची काच फोडायला दगड पुरतो.

आणि डिसेंबरात पुण्याला जाणार आहे म्हणून आत्ताच सांगतो : रेंजची बॅग प्रवासाला कधीही वापरू नका. बॅगेच्या शिवणीत विसरलेली एक जिवंत गोळी भारतातल्या विमानतळावर निघाली तर शस्त्र कायदा १९५९ आणि पोलीस ठाणं. माझी रेंजची बॅग लाल आहे, घरातली एकुलती एक लाल, आणि ती गॅरेजच्या बाहेर येत नाही.

सध्या

चालू प्रश्न मुठीचा. बरोबर आलेली रबराची मूठ धक्का छान खाते, पण खिशाच्या कापडाला चिकटते आणि काढताना खिसाच बाहेर येतो. लाकडाची गुळगुळीत मागवून लावून पाहिली. सरकन निघते, पण तिसऱ्या बाराला पंजात फिरते. टेलर म्हणतो, खिशाला सॅटिनचं अस्तर लावून देतो, मग रबरच ठेवा. दोन पँटी टाकल्यात त्याच्याकडे. शनिवारी मिळतील, मग दोन्ही मुठींवर पन्नास-पन्नास गोळ्या, सगळ्या डाव्या हाताने.