मोट, कण आणि काचेचं कौल

परवा भाची इंग्लिशचा धडा घेऊन आली, "मामा, मोट म्हणजे काय ओ?" आता मी खानापूरकडचा शेतकरी घरातला, मोट म्हटल्यावर सुरूच झालो, विहीर, चामड्याची ती भली मोठी मोट, बैल, थारोळ्यात धबाधब पडणारं पाणी, आणि आजोबा मोट हाकताना गाणं म्हणायचे ते पण सांगून टाकलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही ओ, इथं मोट उन्हात तरंगालीय म्हणून लिहिलंय."

डिक्शनरी बघितली तर मोट म्हणजे धुळीचा बारीकसा कण! म्हणजे आमची दोन बैलांनी ओढायची वस्तू, ती इंग्रजांच्या फुंकरीनं उडून जाते. शब्द जुना आहे, हल्ली ते लोक पण स्पेक म्हणतात. 1611 च्या इंग्लिश बायबलात मात्र तो आहे, भावाच्या डोळ्यातली मोट तुला दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातली तुळई दिसत नाही, असं. मराठी बायबलात त्याच जागी कुसळ आणि मुसळ आहे, आणि खरं सांगू, मला आपलंच भारी वाटतं. यमक फुकटात मिळतंय, शिवाय कुसळ टोचतं, मोट काय टोचणार.

उलटा घोळ पण आहे आमच्याकडं. शेजारचे कन्नड काका एकदा म्हणाले, "आमचं भात अजून कणातच आहे." मला वाटलं बिचाऱ्यांचं पीकच गेलं यंदा. नंतर कळलं, कन्नडमध्ये कण म्हणजे खळं! निवडणुकीच्या आखाड्याला पण कणच म्हणतात. आणि आमचा कण बघायचा तर त्यांच्याच कणात जायचं, वारं देताना सूप उंच धरलं की भुसकट, तूस सगळं नाकातोंडात, घरी येऊन अंघोळ केली तरी मान खाजत राहायची.

पण मोट खरी बघितली ती आज्जीच्या माजघरात. कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, दुपारी त्यातून उन्हाची तिरीप खाली यायची आणि आत धूळ नुसती नाचत असायची. मी मुठीत धरायला जायचो. आज्जी म्हणायची, "हात हलवू नकोस रे, आमटीत पडेल." हात हलवला की वारा हलतो आणि त्याच्याबरोबर धूळ, एवढीच त्या नाचाची गंमत. मनुस्मृतीत ह्याच धुळीला नाव आहे, त्रसरेणू, जाळीतून आलेल्या उन्हात दिसतो तो, आणि वजनाची मापं तिथून सुरू होतात, आठ त्रसरेणूंची एक लिक्षा. लिक्षा म्हणजे लीख, डोक्यातली! कुणी बसून मोजली असेल काय माहीत.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, पाऊण तास गेला असेल. ती पेन घेऊन बसलेली.

"मामा, ते सगळं राहू दे ओ. वहीत काय लिहू, मोठी का बारकी?"