एमजीबी, जुळे एसयू कार्ब्युरेटर: एक तक्रार, दोन बार

गाडी एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसी बी-सिरीज, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, ल्युकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर (ठिणगी त्या त्या सिलिंडरकडे पाठवणारा), त्यातले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सर मूळ पद्धतीचे. तक्रार एवढीच: ‘बॅकफायर होतंय’. एवढ्यावर पाना उचलू नये. बार कुठून निघतो आणि त्या क्षणी ॲक्सिलरेटर कुठे असतो, हे आधी लिहून काढलं. तेवढ्यानेच एका तक्रारीच्या दोन झाल्या.

एक, इंजिन गरम असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबला की कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा उलटा बार. दोन, हलक्या ॲक्सिलरेटरवर २५०० आरपीएमच्या आसपास एकसारखं चालताना मिसिंग आणि पाठोपाठ सायलेन्सरमध्ये दणका. आयडलिंगला दोन्ही नाहीत.

दोघांचं मूळ वेगळं असतं. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तर ते सावकाश जळतं. इनलेट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आग शिल्लक राहिली की ज्वाळा उलटी मॅनिफोल्डमध्ये शिरते. सायलेन्सरमधला दणका बहुतेक वेळा चुकलेल्या ठिणगीचा असतो: न जळलेलं मिश्रण बाहेर पडतं आणि तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पेटतं. म्हणून कार्ब्युरेटरच्या मिक्श्चरच्या (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या) नटला हात सगळ्यात शेवटी. इग्निशन नीट नसताना कार्ब्युरेटर ‘सुधारला’ की दोन बिघाड एकमेकांत गुंततात आणि मग सोडवता सोडवत नाहीत.

इग्निशनपासून सुरुवात केली. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो; वायरी बरोबर होत्या. अंधारात इंजिन चालू ठेवून बघितलं, कॅपवर किंवा वायरींवर कुठे ठिणगी उडताना दिसली नाही. पॉइंट गॅप ०.३८ मिमी (हवी ०.३५ ते ०.४०), ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ६१ अंश (हवा ६०, तीन अंश इकडेतिकडे). कंडेन्सर ०.२१ मायक्रोफॅरड. सगळं ठाकठीक, आणि तरी दणका कायम.

टायमिंग लाइट कॉइलच्या मुख्य वायरीवर लावून आरपीएम वाढवले, तेव्हा उलगडा व्हायला लागला. मिसिंग होताना लाइटही चुकत होता. म्हणजे दोष पेट्रोलचा नाही, ठिणगीचाच. मग व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी) नळी काढून तिचं तोंड बंद केलं. दणका गेला. नळी परत लावली, परत आला.

ही खूण जपून ठेवण्यासारखी आहे. व्हॅक्यूमने डिस्ट्रिब्युटरमधली बेस प्लेट थोडी फिरते, आणि पॉइंटचं अर्थिंग त्या प्लेटला जोडलेल्या विणीच्या बारीक वायरीतून बॉडीपर्यंत जातं. इथे ती वायर कापडी वेष्टणाच्या आत तुटली होती. बाहेरून अगदी धड दिसत होती. कॅप काढून मल्टिमीटरची एक टोच प्लेटवर, दुसरी बॉडीवर धरली आणि नळी तोंडाने ओढली: प्लेट सरकली की शून्याजवळ असलेला ओहमचा आकडा नाचायला लागला. या मॉडेलमध्ये व्हॅक्यूम कार्ब्युरेटरवरून घेतला असेल तर थ्रॉटल बंद असताना तो पोहोचत नाही, प्लेट हलत नाही. म्हणून आयडलिंगला घेतलेला ड्वेल बिनचूक आणि रस्त्यावर मात्र मिसिंग.

जागी साधी वायर लावू नका, ती रोज वाकून वाकून कडक होते आणि पुन्हा तुटते. बारीक तारांची मऊ विणीची वायर हवी, प्लेट पूर्ण फिरली तरी ताण येणार नाही एवढी सैल, पण कॅमला घासणार नाही अशी वळवलेली. मग टायमिंग नव्याने तपासलं, व्हॅक्यूमची नळी काढून आणि बंद करून.

उरला कार्ब्युरेटरमधला ‘फट्’. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनवर ०.३८ मिमी मिळाली, एकही टॅपेट आवळलेला नव्हता. थ्रॉटल स्पिंडलच्या (हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकांवर तेलाचे दोनदोन थेंब सोडले, आयडलिंग बदललं नाही, म्हणजे तिथून हवा आत जात नव्हती. कार्ब्युरेटरच्या पिस्टनची चाल तेलाने संथ करणाऱ्या डॅम्परच्या टोप्या उघडल्या तर मागचा डॅशपॉट (तेलाचा कप्पा) कोरडा आणि पुढच्यात नावालाच तेल. तेल नसलं की पिस्टन झटकन वर उडतो, हवा एकदम वाढते पण जेटवरची ओढ कमी पडते, मिश्रण क्षणभर पातळ होतं. एसएई २० तेल भरलं. डॅम्पर खाली सोडताना टोपी डॅशपॉटच्या माथ्यापासून साधारण ६ मिमी वर असतानाच अडथळा लागला पाहिजे.

यानंतरच मिक्श्चर. एअर फिल्टर काढलेले असताना उलटा बार आला तर ज्वाळा थेट बाहेर येते, म्हणून अग्निशामक हाताशी ठेवा. लिफ्टिंग पिनने पिस्टन ०.८ मिमी उचलला: आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पातळ), किंचित वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. पुढचा बरोबर होता. मागचा लीन, त्याचा नट एक पैलू खाली घेतला आणि जुळला. एका वेळी एकच पैलू, आणि प्रत्येक वेळी दोन्ही कार्ब्युरेटर पुन्हा तपासायचे, कारण दोघांना जोडणाऱ्या बॅलन्स पाइपमुळे एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो.

आता ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका दमात उचलतं, हलक्या ॲक्सिलरेटरवरही गप्प आहे. उतारावर पाय काढला की सायलेन्सरमध्ये अजून बारीक फटफट होते. मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपच्या जोडावर काजळीचा पट्टा दिसतोय. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असणार. पुढचं काम त्या गॅस्केटचं.